ऐकण्याचा तास

‘नीट ऐक!’ हे दोन शब्द आपण मुलांना दिवसातून किती वेळा ऐकवतो, कधी मोजलंय का? आईचं ऐक, बाईंचं ऐक, मोठ्यांचं ऐकावं. आपल्या मराठीत ‘ऐकणं’ या शब्दाला कानापेक्षा मानेचंच काम जास्त. मान डोलावली की मूल ऐकणारं. मुलींच्या बाबतीत तर विचारायलाच नको. ‘मुलगी शब्दाबाहेर नाही हो’ हे स्थळाच्या बोलणीत आजही कौतुकानं सांगितलं जातं. पण खरंखुरं ऐकणं, म्हणजे कानावर पडलेलं समजून घेणं, त्यातला नेमका शब्द पकडणं, नाही कळलं तर विचारणं आणि नाही पटलं तर तसं सांगणं, हे आपण मुलांना शिकवतो कुठे?

शिक्षकांच्या प्रशिक्षणात भाषेची चार कौशल्यं शिकवतात. श्रवण, भाषण, वाचन, लेखन. यात श्रवणाचा नंबर पहिला. पण वर्गात बघा. वाचनाचा तास असतो, शुद्धलेखनाची वही असते, भाषणाची स्पर्धा सुद्धा असते, निदान २६ जानेवारीला तरी. ऐकण्याचा तास कुठल्या वेळापत्रकात पाहिलाय? बाई बोलतात आणि मुलं ऐकतात, म्हणजे दिवसभर श्रवणच चाललंय, असं आपण धरून चालतो.

बचत गटाच्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या कामानिमित्त माझं नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत जाणं होतं. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसलं की तोंडातून ‘नगर’च निघतं.) अलीकडे काही शिक्षक वर्गात छोटा स्पीकर लावून मुलांना कविता, गोष्टी, इंग्रजी संभाषणं ऐकवतात. त्यावर पालकांत दोन तट पडतात. ‘मास्तर मोबाईल लावून बसतात’ असं म्हणणारे एकीकडे, ‘आमच्या शाळेत पण पॉडकास्ट’ म्हणून मिरवणारे दुसरीकडे. मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

पॉडकास्ट या शब्दाला बिचकू नका. रेडिओचा कार्यक्रम समजा, पण आपल्याला हवा तेव्हा लावता येणारा. थांबवता येतो, मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो, एकदा फोनमध्ये उतरवून घेतला की नेट लागत नाही. दहा मिनिटांचा चांगल्या आवाजाचा कार्यक्रम साधारण दहा एमबीत बसतो. व्हॉट्सअॅपवर आपण बोलून पाठवतो तो निरोप तर त्याहून कितीतरी हलका. तेवढ्याच वेळाच्या स्वच्छ व्हिडिओला याच्या कितीतरी पट जागा आणि नेट लागतं. जिथे रेंज मिळवायला गच्चीवर नाहीतर माळावर जावं लागतं, तिथे हा फरक लहान नाही.

आणि ही गोष्ट काही नवीन पण नाही. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आपल्यातल्या अनेकींनी लहानपणी ऐकलेत. आपल्या जिल्ह्यालाही रेडिओची सवय आहे. नगरला आकाशवाणीचं केंद्र, स्नेहालय संस्थेनं सुरू केलेलं ‘रेडिओ नगर’, बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राचा शेतकऱ्यांसाठीचा सामुदायिक रेडिओ. दूध काढताना, भाकरी थापताना ऐकलेला सल्ला शेतात वापरला गेलाय. मग शाळेतच आवाजाचं एवढं वावडं का?

रेडिओ शिकवू शकतो का, याचा मोठा प्रयोग १९७४ पासून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या गरीब देशात झाला. पहिलीपासूनच्या मुलांना चक्क गणित रेडिओवर शिकवलं. त्यातली युक्ती साधी होती. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचा. काही सेकंद नुसती शांतता. त्या शांततेत वर्गातल्या मुलांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा, मुलं आपलं ताडून बघायची. ती मुलं चाचण्यांत नुसत्या नेहमीच्या वर्गात शिकलेल्या मुलांच्या पुढे गेली. पुढे बऱ्याच देशांनी ही पद्धत उचलली. पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेनं मराठी शाळांतल्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा असाच रेडिओवरचा कार्यक्रम केला. त्यातही मुलांनी नुसतं ऐकायचं नव्हतं, बोलायचं होतं.

मला वाटतं, सगळं मर्म त्या रिकाम्या सोडलेल्या जागेत आहे. आपल्या घरात, शाळेत मोठी माणसं बोलतात तेव्हा मुलाला बोलायला अशी जागा ठेवतात का? (सासूबाईंच्या बोलण्यात तर श्वास घ्यायलाही जागा नसते, असं एक मैत्रीण म्हणते. ते असो.)

इंग्रजीचंच बघा. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. निर्णय चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू. पण खेड्यातल्या ज्या बाई-मास्तरांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, जन्मात कुणाशी दोन वाक्यं इंग्रजी बोलायची वेळ आली नाही, त्यांच्यावर अचानक उच्चार शिकवायची जबाबदारी आली. त्यांनी काय करावं? देवनागरीत उच्चार लिहून घेतले आणि वाचून दाखवले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अशा शिक्षकाच्या हाताशी नीट केलेलं ध्वनिमुद्रण असेल तर तोही मुलांबरोबर शिकतो. एका बाईंनी मला मोकळेपणानं सांगितलं, “ताई, मी वर्गात लावायच्या आधी घरी तीनदा ऐकते. पोरांच्या आधी माझा अभ्यास होतो.” मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

यावर कुणी म्हणेल, मग व्हिडिओच दाखवा की! २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या लाटेत किती शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. गावानं हौसेनं पैसे दिले, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. त्यातल्या एका शाळेत मी प्रोजेक्टर बघायला मागितला, तर तो कपाटात. कपाटाची किल्ली बदलून गेलेल्या गुरुजींकडे. दिवा गेलाय, दुरुस्तीला पैसे नाहीत, शिवाय शाळेचं वीजबिल कुणी भरायचं याचाही घोळ. हजार-दीड हजारांचा चार्जिंगचा स्पीकर या सगळ्या रामायणातून सुटतो. तो बाई पर्समध्ये घालून नेऊ शकतात, झाडाखाली लावू शकतात, लाईट नसताना पण चालतो.

आणि आयांना सगळ्यात जवळचा मुद्दा म्हणजे डोळे. मोबाईलनं पोरं वाया चालली म्हणून आपणच ओरडतो ना? कोविडच्या दोन वर्षांत मोबाईल मुलांच्या हाती गेला तो परत आपल्या हाती आलाच नाही. ध्वनिमुद्रणात मुलाच्या हातात काही नसतं. फोन शिक्षकाच्या खिशात, स्पीकर टेबलावर, मुलाचे डोळे मोकळे. गोष्टीतला वाडा कसा, विहीर किती खोल, म्हातारीची काठी कसली, हे ज्यानं त्यानं आपल्या मनात उभं करायचं. चित्र आयतं मिळालं की हे काम होत नाही. पालकांनी मोबाईलच्या नावानं शाळेतला स्पीकर बंद पाडू नये, हे माझं पहिल्या तटाशी भांडण.

त्याच कोविडच्या काळात आवाजानंच अनेक ठिकाणी शाळा चालवली, हे आपण फार लवकर विसरलो. नागपूरला २०२० मध्ये ‘प्रथम’ संस्था आणि प्रशासनानं आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू केली. पालघरच्या दांडवळ गावात दिगंत स्वराज फाउंडेशननं ‘बोलकी शाळा’ काढली. ध्वनिमुद्रित धडे लाउडस्पीकरवर लावायचे आणि मुलांनी अंतर ठेवून मोकळ्यावर बसून ऐकायचे. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, त्या घरातलं मूल या शाळेत बसू शकलं. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, त्यातून कविता ऐकायला, पाठ बघायला मिळू लागले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा बक्षिसाच्या दहा लाख डॉलरचीच चर्चा जास्त झाली. पुस्तकातली कविता कानानं ऐकता येते, ही त्यातली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आता पुस्तकांवर क्यूआर कोड छापून येतात. घरी मुलाच्या पुस्तकावरचा तो चौकोन कधी उघडून बघितलात का? बऱ्याच जणींना तो किमतीचा शिक्का वाटतो.

आता दुसऱ्या तटाकडे वळते. स्पीकर लावून बाई रजिस्टर भरायला बसल्या, तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. एका इयत्तेला गोष्ट लावून दुसरीला गणित शिकवणं हा मोह मी समजू शकते, कधीमधी चालेलही. पण पाच-सात मिनिटांच्या पुढे नुसतं ऐकून मुलं वाऱ्यावर जातात. मी एका तिसरीच्या वर्गात बसले होते, तिथल्या बाईंची रीत मला आवडली. आधी दोन वाक्यांत ओळख दिली, ‘आज एक बकरी हरवणार आहे, कुणामुळे ते शोधा.’ मग गोष्ट लावली. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा मध्येच थांबवून, ‘पुढं काय होईल?’ तिथे मुलांनी जो काही कल्ला केला! एकीनं बकरी विकून टाकली, एकानं बिबट्या आणला. (आमच्याकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या गोष्टीत आणावा लागत नाही, तो आपला आपण येतो.) तिसऱ्यांदा मुलांनीच आवाज काढून गोष्ट सांगितली. गोष्ट चार मिनिटांची, तास पस्तीस मिनिटांचा. शिक्षिकेचं काम कमी झालं नव्हतं, वाढलं होतं.

त्याच वर्गात एक मुलगा प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून मग बोलत होता. बाईंच्या लक्षात आलं ते स्पीकरवर गोष्टी लावायला लागल्यापासूनच, कारण समोर ओठ दिसेनात. पुढे शालेय आरोग्य तपासणीत त्याचा कान वाहतो हे निघालं. तोवर त्याला ‘लक्ष नसलेला’ म्हणून दोन वर्षं बोलणी बसली होती. ज्या मुलांना ऐकूच कमी येतं त्यांच्यासाठी हाच मजकूर लिहून फळ्यावर हवा, हे वेगळं सांगायला नको.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. वर्गात ऐकवायचा तो आवाज कुणाचा?

बाजारात, इंटरनेटवर मुलांच्या मराठी गोष्टी आता पुष्कळ मिळतात. चांगल्या आहेत, स्वच्छ उच्चारांच्या आहेत. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या कानावर ‘पाणी’ पडलंच पाहिजे, नाहीतर लिहिताना तो अडतो. हे ओरडून शिकवण्यापेक्षा ऐकवून शिकवलेलं बरं. पण सगळेच आवाज पुण्या-मुंबईचे असले तर मुलाची एक समजूत हळूच पक्की होते, की पुस्तकात असते ती भाषा आणि आपली आई बोलते ती काही तरी वेडीवाकडी. अकोल्याच्या डोंगरात ठाकर, महादेव कोळी मुलं पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकी असते. त्या मुलांनी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही तर आपण म्हणतो, पोरं बुजरी आहेत.

त्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण गावठी बियाणांचं अख्खं शास्त्र त्यांच्या तोंडी आहे. २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. बियाणं कुठल्या महिन्यात राखायचं, राखेत कसं ठेवायचं, हे सांगणाऱ्या अशा आज्या प्रत्येक गावात एकदोन तरी असतात, फक्त त्यांना पद्मश्री मिळालेली नसते. परिसर अभ्यासाच्या तासाला त्यांच्याच आवाजातली दहा मिनिटं मुलांनी ऐकली, त्याहून चांगलं म्हणजे मुलांनी स्वतः जाऊन प्रश्न विचारून टिपली, तर तो धडा कोण विसरेल? फोन बाईंचा, प्रश्न मुलांचे, उत्तर आजीचं.

हे स्वप्नरंजन नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गेल्या शतकाच्या शेवटी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर बायका, एक लाखावर ओव्या! त्यातल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या बायकांच्याच आवाजात त्या ऐकायला मिळतात. माहेर, भाऊ, लेक, पाऊस, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. हा खजिना फुकट आहे, मराठीत आहे. ओवीछंद फळ्यावर चार ओळी लिहून समजावतात, त्याऐवजी दळणाऱ्या बाईचा श्वास कुठे तुटतो ते ऐकवलं तर छंद आपोआप कळेल.

पाथर्डीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेतली गोष्ट तिथल्या शिक्षकांनी सांगितली. तिथली बरीच आईबापं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, ते उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. मुलं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. गुरुजींनी टोळी निघायच्या आधी चार-पाच आयांकडून एकेक गोष्ट फोनवर भरून घेतली. बायका आधी लाजल्या, मग एकीनं सुरू केल्यावर ऐकेनात. जानेवारीत त्यांनी एक गोष्ट वर्गात लावली. जिची आई बोलत होती ती दुसरीतली मुलगी, एरवी हूं की चूं न करणारी, आधी गप्प बसली. गुरुजींना वाटलं आता रडणार. तर ती एकदम ओरडली, “आई चुकली! कोल्हा न्हवता त्यो, लांडगा व्हता!” आणि पुढची गोष्ट तिनंच सांगितली. त्या दिवसानंतर ती वर्गात बोलायला लागली, असं गुरुजी म्हणाले. आईच्या चुकीला बोट दाखवणारी ही मुलगी माझ्या लेखी त्या वर्गातली सगळ्यात चांगली ऐकणारी आहे.

एक काळजी मात्र घ्यायला हवी, आणि ती पुरुष शिक्षकांना चटकन सुचत नाही. बाईचा आवाज शाळेच्या ग्रुपवर गेला की तो गावभर जायला वेळ लागत नाही. एका गावात एका बाईनं छान गाणं म्हटलं. ते कुणीतरी पुढं पाठवलं, आणि घरी तिलाच ऐकून घ्यावं लागलं, ‘आता गावाला गाणी ऐकवायची का?’ तेव्हा भरून घेताना विचारायचं, कुठे लावणार ते सांगायचं, ती नको म्हणाली तर पुसायचं. नाव सांगायचं की ‘अमक्याची आई’ म्हणायचं, हे पण तिनं ठरवायचं. माझ्या मते नाव सांगावं. जन्मभर ‘अमक्याची आई’ म्हणूनच हाक ऐकलेल्या बाईला शाळेत तरी स्वतःचं नाव असू द्या. पण ठरवणार ती.

आता हे कुणी करायचं? शिक्षकांवर आधीच माहिती भरायची कामं एवढी आहेत की आणखी एक परिपत्रक आलं तर ते हात जोडतील. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका, असं कायदा म्हणतो. आपल्यातल्या कितीतरी जणी या समितीवर आहेत. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि चहा ठेवता ठेवता सही होते. त्याऐवजी बैठकीला जाऊन बसलं तर निदान विचारता येईल, की कपाटातल्या प्रोजेक्टरचं काय झालं आणि एक स्पीकर घेता येईल का. गोष्टी भरून द्यायला आपण बचत गटाच्या बायका आहोतच. दुपारी दोन ते चार, भांडी झाली की.

आमच्या गावच्या समितीपुढे हा विषय मांडला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “ताई, आधी दुसरीच्या वर्गाचं गळकं छप्पर बघू, मग गाणी.” त्यांचंही खरंच आहे, पावसात पत्र्याच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार! दोन्ही मागण्या एकाच अर्जावर लिहिल्या आहेत, छप्पर वर आणि स्पीकर खाली. सह्यांपैकी अकरा बायकांच्या आहेत, आणि यावेळी त्या सगळ्या बैठकीला येऊन केलेल्या आहेत.